तुळजावहिनीकडची वायर

सारिकाचा मोडेम किंचाळू लागला की गोठ्यातली म्हैस कान टवकारायची आणि चुलीपुढून तिची सासू शकू म्हणायची, "झाला गो तुझ्या रेड्याचा गळा सुरू." आधी नंबर लागल्याची टुकटुक, मग लांबलचक शिट्टी, मग पत्र्यावर कुणी वाळू ओतावी तशी खरखर. तिथून पुढे सगळं शांत व्हायला हवं होतं. शांत झालं की लाईन लागली, असं सारिकाने सासऱ्याला शिकवून ठेवलं होतं. पण शांत काही व्हायचं नाही. खरखर अडखळायची, डबीवरचा दिवा मिचकायचा आणि विझायचा. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटायची. श्रीपतला इंग्रजी येत नव्हतं, पण त्या ओळीचा अर्थ एव्हाना त्याला पाठ झाला होता.

"परत?" त्याने ओटीवरून विचारलं. विळ्याला धार लावता लावता त्याचा हात थांबला होता.

"परत," सारिका म्हणाली. तिने रिसीव्हर उचलून कानाला लावला आणि त्याच्यापुढे धरला. "ऐका ना बाबा. नुसती खरखर. असल्या लाईनवर माणसाचं बोलणं कळत नाही, मशिनला काय कळणार?"

श्रीपतने ऐकलं. तळलेल्या कुरडया कुणी मुठीत चुरडत होतं जणू. त्याने रिसीव्हर तिच्या हातात परत दिला आणि विळा दगडावर घासायला लागला. ही लाईन लागली तरच सून आणि नात घरात राहणार होत्या, नाहीतर जाणार होत्या. गोष्ट एवढी सरळ होती.

किशोर, श्रीपतचा एकुलता एक मुलगा, मुंबईत एका शीतगृहात कामाला होता. भाड्याची खोली मालकाने सोडायला लावली तेव्हा तो चार पोरांबरोबर राहायला गेला आणि सारिका छोट्या सेजलला घेऊन श्रावणात गावी आली. तिच्याबरोबर टेम्पोतून गोधडीत गुंडाळलेला कॉम्प्युटर आला. सारिका नात्यातलीच पोर, लग्नाआधी महाडला जाऊन कॉम्प्युटरचा क्लास केलेली. मुंबईत गिरगावच्या एका छापखान्यात मराठी मजकूर टाईप करायची. छापखान्याच्या मालकीण नीलाताई तिला म्हणाल्या होत्या, "हस्तलिखितं मी एसटीने पाठवते. तू टाईप करून ईमेलने पाठव. दिवाळी अंकांचं काम वेळेवर आलं तर खुशाल गावातूनच कर. नाही जमलं तर मात्र इथे येऊन बसावं लागेल."

त्या दिवसांत मोबाईलची रेंज खाली पोलादपूरच्या स्टँडवर मिळायची. वरच्या कोंडात, श्रीपतच्या वाडीत, पोचायची ती फक्त कशेडी घाट चढणाऱ्या ट्रकांची घरघर. कोंडात फोन असा एकच, श्रीपतच्या घरात. त्याचा त्याला अभिमानही होता. कुणाच्या मुलाचा मुंबईहून फोन आला की श्रीपत ओटीवर उभा राहून हाक द्यायचा आणि ती हाक खालच्या ओढ्यापर्यंत जायची. बायका हात पुसत धावत यायच्या. बोलून झालं की डोळे पुसत जायच्या.

एका घराला मात्र हाक द्यावी लागत नव्हती. अंगणापलीकडचं घर रावजीचं, श्रीपतच्या थोरल्या भावाचं. रावजी अंथरुणाला खिळला तेव्हा श्रीपतने स्वतःच्या हाताने आपल्या फोनला दुसरी वायर जोडली, पागोळीच्या कडेकडेने नेली, अंगण ओलांडून तुळजावहिनीच्या न्हाणीच्या खांबावरून तिच्या घरात घेतली आणि पोलादपूरहून आणलेला जुना फोन भावाच्या उशाशी ठेवला. त्यांच्या मुलाचा, चांगूचा, फोन आला की दोन्ही घरांत घंटी वाजायची. रावजी गेला, तरी फोन राहिला. वहिनी त्याच्यावर रुमाल घालून ठेवायची.

मग चांगूने झऱ्यावरचा माळ विकला. माळ दोघा भावांचा सामाईक, पण रावजीचा वाटा कागदावर आता चांगूचा होता. घेणारा मुंबईचा, त्याला तिथे बंगला बांधायचा होता. वहिनीने मुलाच्या सांगण्यावरून अंगठा दिला होता. श्रीपतला हे कळलं ते कुंपणाचे खांब वर चढताना पाहून. बांबू तोडून तो परतत होता, हातात कोयता होता. तसाच वहिनीच्या अंगणात गेला. वहिनी न्हाणीशी भांडी घासत होती. त्याने एक शब्द न बोलता खांबावरची वायर धरली आणि कोयत्याने तोडली. वहिनीच्या हातात राखेने माखलेला टोप होता. तो तसाच हातात राहिला.

पुढे एकदा चांगूचा फोन श्रीपतच्याच घरात वाजला. "हितं तुझं कोन राहत नाय," एवढं बोलून श्रीपतने फोन ठेवला. तेव्हापासून वहिनी मुलाशी बोलायला खाली सडकेवरच्या बूथवर जायची. जायला उतार, यायला चढण. गुडघ्यावर हात ठेवून ती चढण चढताना कोंड तिला बघायचा, आणि श्रीपत दुसरीकडे बघायचा.

तर असं होतं ते. दोन घरांत बोलणं नाही, देणंघेणं नाही. जात-येत होती ती एकटी सेजल. तिला कुणी भांडण समजावलं नव्हतं.

*

आश्विनातल्या कापणीने त्या वर्षी जीव काढला. परतीचा पाऊस जायचं नाव घेईना. रोज संध्याकाळी कशेडीच्या अंगाने काळं भरून यायचं, रात्री कोसळायचं आणि सकाळी भात ओलंचिंब लोळलेलं असायचं. दव आणि पाणी उतरल्यावर, दुपारी, कापायला मिळेल तेवढं खरं. कोंडातली तरणी माणसं एक तर मुंबईत, नाहीतर महाडच्या कारखान्यांत. पूर्वी श्रीपतची कापणी वहिनीकडची माणसं करायची आणि वहिनीची श्रीपतकडची. आता वहिनी आपला तुकडा एकटी कापत होती, इकडे श्रीपत, गुडघे धरलेली शकू आणि सारिका.

सारिका कामाला वाईट नव्हती. पण कीबोर्डवर धावणारी बोटं विळ्याला नवखी होती. एका दुपारी तिने करंगळी कापून घेतली. श्रीपतने फडक्याची चिंधी बांधली आणि तिला घरी पाठवलं. घरी आल्यावर बसायचं कशाला म्हणून तिने मोडेम लावला. शिट्टी, खरखर, आणि मग चक्क शांतता. दोन दिवस अडून बसलेला मजकूर हा हा म्हणता गेला.

संध्याकाळी ती सासऱ्याच्या मागे लागली. "बाबा, दुपारी लाईन साफ असते. कालही आईंनी सांगितलं, दुपारी कुणाचा फोन आला तर नीट ऐकू येतो. मला दुपारी घरी राहू द्या. सकाळी कितीही काम सांगा."

"सकाळी भात भिजलेलं असतंय. सकाळी काय कापायचं, दव?" श्रीपत म्हणाला. "पाऊस तुझ्या मेलसाठी थांबनार हाय काय?"

"मग लाईनमनला तरी बोलवा."

त्याने बोलावलं. लाईनमन कमरेला पट्टा आणि खांद्याला पिशवी लटकवून, चढण चढून धापा टाकत आला. साध्या वळणाचा माणूस, कामाने गांजलेला. कोंडाच्या टोकाच्या खांबावर चढून त्याने आपला फोन लावून पाहिला, खालचा सांधा घासला, उतरला. मग घरात येऊन भिंतीवरची डबी उघडली, तारा सुट्या केल्या, कान लावला, परत जोडल्या.

"खांबापर्यंत लाईन स्वच्छ आहे," तो म्हणाला. "खरखर तुमच्या घरात आहे. कुठेतरी तार ओली होतेय. दुसरी जोडणी काढलीय का कुठे? पॅरलल?"

श्रीपतने पागोळीकडे पाहिलं. दुधीचा वेल आता तिथवर चढला होता आणि त्याच्या पानांआडून काळी वायर अंगणापलीकडे गेली होती. माहीत नसणाऱ्याला ती वेलाचाच ताणा वाटावी. हो म्हणायचं म्हणजे कुठे जाते ते सांगायचं. कुठे जाते ते सांगायचं म्हणजे कुणी तोडली ते सांगायचं, आणि वर परक्या माणसाला घेऊन वहिनीच्या न्हाणीपाशी उभं राहायचं. सून शेजारीच उभी होती. ती मुंबईत असताना झालेला प्रकार हा. अबोला आहे एवढंच तिला ठाऊक होतं.

"नाय," श्रीपत म्हणाला.

"नक्की?"

"एकदा सांगितलं ना, नाय."

लाईनमनने खांदे उडवले, चहा घेतला आणि पुढच्या तक्रारीला गेला. शकूने हे सारं स्वयंपाकघराच्या दारातून ऐकलं होतं. सारिका सेजलला आणायला बाहेर गेल्यावर ती हळूच म्हणाली, "ती वहिनींकडची वायर सांगायची व्हती त्याला."

"ती मेलेली वायर हाय. तोडलेल्या वायरीतनं काय जातंय?"

"मला काय म्हाईत. त्यानं इचारलं म्हनून म्हटलं."

"मग गप बस."

शकू चुलीकडे वळली. तिला सवय होती. श्रीपतला स्वतःलाही आपलं म्हणणं पटलं होतं. निदान पटवून घेतलं होतं. तोडलेला वेल वाळून जातो, तशी तोडलेली वायर. तिचं काय. पण त्या रात्री तो अर्ध्या भाकरीवरच थांबला, आणि सारिकाने "बाबा, बरं वाटत नाही का?" असं विचारल्यावर तर तिच्याकडे बघवेना.

*

नीलाताईंकडचं शेवटचं हस्तलिखित आलं. एसटीच्या कंडक्टरने पोलादपूरला ठेवलेलं पाकीट श्रीपत स्वतः घेऊन आला. जाडजूड होतं. एका अंकातली सर्वांत मोठी कथा, आणि शुक्रवारी संध्याकाळी तिची पानं छपाईला जायची होती. नीलाताईंनी फोनवर ओरडून ओरडून तेवढं तीनदा सांगितलं. खरखरीतून "शुक्रवार" हा एकच शब्द धड पोचला, पण तोच पुरेसा होता.

सारिका बसली. पहाटे उठून बसायची, शकूने चहा आणून ठेवला तर तो गार व्हायचा. सेजल तिच्या पाठीला पाठ लावून बाहुलीशी बोलत बसायची. श्रीपत येता-जाता पडद्यावर अक्षरांच्या रांगा भरताना बघायचा. त्याला ते काम बघायला आवडायचं. लावणीत रोपाची रांग पुढे सरकते, तसंच. सुनेचं त्याला कौतुकही होतं, पण ते तोंडाने सांगायची घरात रीत नव्हती.

शुक्रवारी सकाळी कथा पुरी झाली. सकाळी लाईन लागली नाही. "दुपारी लागेल," सारिका म्हणाली. तिचा दुपारवर आता विश्वास बसला होता.

पण दुपारी जेवणं उरकतायत तोच कशेडीच्या डोक्यावर ढग उभा राहिला. वरचं खाचर सगळं कापून पसरलेलं होतं, कालपासून वाळत घातलेलं. पेंढ्या बांधून खळ्यावर आणल्या नाहीत तर दाणा तिथेच कोंब धरणार. श्रीपत ओटीवर आला. सारिका कॉम्प्युटर चालू करत होती.

"चल," तो म्हणाला.

"बाबा, थोडा वेळ. एवढं पाठवते आणि पळत येते."

"तुझं ते लागलं तर लागलं. तोवर पाऊस घरात यायचा. वर्साचं भात हाय ते."

सारिकाने त्याच्याकडे पाहिलं, मग ढगाकडे. बटण बंद केलं, पदर खोचला आणि निघाली. भांडली असती तर बरं झालं असतं, असं पुढे श्रीपतला कितीदा वाटलं. ती भांडली नाही.

तिघांनी पेंढ्या बांधल्या. श्रीपतच्या डोक्यावर भारा, सारिकाच्या डोक्यावर भारा, शकू बांधून देतेय. खाचर ते खळं, खळं ते खाचर. मानेत भाताचं कुसळ जाऊन आग होत होती, पायाखालचा बांध निसरडा होता. पलीकडे वहिनी आपल्या तुकड्यातल्या पेंढ्या एकटी ओढत होती. पूर्वीसारखे सगळे एकत्र असते तर अर्ध्या वेळात दोन्ही खाचरं उरकली असती आणि सारिकाला घरी जायला मिळालं असतं. हे श्रीपतला दिसत होतं. डोक्यावर भारा असला की माणसाला समोरचं तेवढं दिसतं म्हणतात, पण त्याला ते दिसत होतं आणि तरी त्याने हाक मारली नाही.

शेवटचा भारा आत आला आणि पाऊस कोसळला. भात वाचलं. सारिका ओल्या पदरानेच कॉम्प्युटरपुढे बसली. तोवर दिवेलागण झाली होती. मोडेम किंचाळला, खरखरला, थांबला. पुन्हा किंचाळला. मग वीज गेली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने ती फ्लॉपी घेऊन पोलादपूरला गेली. तिथल्या कॉम्प्युटरवाल्याकडे लोडशेडिंग होतं. तिथून महाडला गेली. मजकूर गेला, पण नीलाताईंनी रात्रीच झेरॉक्सवरून तीन माणसं बसवून कथा टाईप करून घेतली होती.

त्यांचा फोन आला तेव्हा त्या चिडल्या नाहीत. "सारिका, तुझ्यासारखं शुद्ध टाईप करणारी मला दुसरी मिळणार नाही. पण लाईनच्या भरवशावर मी छापखाना नाही चालवू शकत गं. वरची खोली रिकामी आहे, तुम्ही तिघं राहा. लगेच ये." खरखरीमुळे सारिकाला हे सगळं दोनदा विचारून घ्यावं लागलं, त्यामुळे घरातल्या सगळ्यांनी ते ऐकलं.

"दिवाळी करून जा," श्रीपत म्हणाला.

"काम आत्ताच आहे, बाबा."

"लाईनमनला परत बोलावतो. वाटलं तर वरच्या साहेबाला भेटतो."

सारिका हसली. रागाने नाही. "तुम्ही केलंत की सगळं. आपली लाईनच तशी आहे."

आत्ता सांगावं, असं ओठावर आलं. पण काय सांगणार होता? तोडलेल्या वायरीतून काही जात नाही, हे त्याने स्वतःलाच इतक्यांदा सांगितलं होतं.

*

गोधडीत गुंडाळलेला कॉम्प्युटर श्रीपतने स्वतःच्या खांद्यावरून सडकेपर्यंत उतरवला. सारिकाकडे बॅग, शकूच्या कडेवर सेजल. मोडेम तेवढा घरीच राहिला. छापखान्यात त्याची गरज नव्हती.

कोंडाच्या तोंडाशी तुळजावहिनी उभी होती. हातात फडक्यात बांधलेले नव्या भाताचे पोहे. तिने ते सेजलच्या हातात दिले, तिच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली आणि सारिकाला म्हणाली, "तिकडं चांगू भेटला तर सांग, बरी हाय म्हनावं."

"सांगते, मोठ्या आई."

श्रीपत खांद्यावरचं ओझं सावरायच्या निमित्ताने पुढे झाला.

गाडी गेली. शकू त्याच गाडीने पोलादपूरला दवाखान्यात गेली, गुडघ्याचं औषध घ्यायला. श्रीपत एकटाच वर आला. घर रिकामं होतं. खळ्यावर भात रचून ठेवलं होतं, वर्षभर पुरेल एवढं, आणि खायला माणसं दोन. ओटीवर कॉम्प्युटर होता तिथे धुळीत चौकोन उरला होता. सेजलच्या बाहुलीची एक चप्पल खांबापाशी पडली होती. त्याने ती उचलून कोनाड्यात मोडेमशेजारी ठेवली. न जेवता तसाच बसून राहिला.

फोन वाजला. किशोर होता. "बाबा, बसल्या का त्या दोघी गाडीत?" एवढं कळलं आणि पुढे खरखर. "बसल्या," श्रीपत ओरडला. "बसल्या म्हनतोय. ऐकू येतंय का?" तिकडून काहीतरी तुटक. रिसीव्हर कानाशी दाबून तो पडवीच्या खिडकीशी वळला, आणि एरवी ज्या अंगाला बघायचं नाही तिकडे त्याची नजर गेली.

तुळजावहिनी जेवण उरकून न्हाणीशी आली होती. खांबाला काहीतरी पांढरं लटकत होतं, दुधाच्या पिशवीसारखं. तिने त्याची दोरी सोडली, पिशवी उलटी केली. त्यातून पाणी पडलं. आणि श्रीपतच्या कानातली खरखर तिथल्या तिथे थांबली.

"बाबा? ऐकू येतंय का? आता येतंय," किशोर अगदी शेजारी बसल्यासारखा म्हणाला. "बाबा, बोला ना."

"मागनं कर," श्रीपत म्हणाला आणि फोन ठेवला.

अंगण ओलांडायला त्याला किती वेळ लागला, हे त्याचं त्यालाच ठाऊक. वहिनीने त्याला येताना पाहिलं आणि पिशवी मागे लपवली, चोरी सापडावी तशी.

"काय हाय ते?"

"काय नाय, भावजी. तुमचीच वायर." ती घाईघाईने सांगायला लागली. "टोकं उघडी पडली व्हती. पावसात खराब व्हईल म्हनून पिशवी बांधली. पन पागोळीचं पानी वायरीवरनं घरंगळत आत उतरतंय. भरतीय पिशवी. म्हनून दुपारी जेवल्यावर रोज वतून टाकते."

"कवापासनं?"

"तुमी तोडलीत त्या सांजेपासनं."

"कशाला?"

वहिनीने त्याच्याकडे पाहिलं. तो पोर असताना ती या घरात नवरी होऊन आली होती, त्याला तिने न्हाऊ घातलं होतं. "कवातरी जोडाल म्हनून," ती म्हणाली. मग जरा थांबून, ओशाळून, "आन एक. पिशवी वतताना तुमच्याकडं फोन वाजला ना, तर हाताला झिनझिन्या यायच्या. मला वाटायचं, चांगूचा असंल. बरं वाटायचं."

श्रीपतने वायरीचं टोक हातात घेतलं. तांब्याच्या दोन्ही तारा हिरव्या पडल्या होत्या, एकमेकींपासून केसभर अंतरावर. पाट मधेच फोडला तर पाणी शेताला पोचत नाही, तिथेच जिरतं, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. जन्म पाटावर उभं राहून गेला. आणि घरातून निघालेला पाट स्वतःच फोडून, तो मेलेला आहे म्हणत तो बसला होता. लाईनमनने तोंडावर विचारलं होतं. शकूने सांगितलं होतं. एक 'हो' म्हटलं असतं तर आज सेजल या अंगणात असती. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्याने लपवलं नाही.

"फोन हाय का?" त्याने विचारलं.

वहिनी आत गेली आणि कणगीवरून रावजीच्या उपरण्यात बांधलेला फोन घेऊन आली. त्याच्यावर धुळीचा कणही नव्हता.

श्रीपतने ब्लेडने हिरवं खरवडून तारा लखलखीत केल्या, वहिनीच्या घरात गेलेल्या तारांना पीळ घालून जोडल्या, वर चिकटपट्टी गुंडाळली आणि सांधा पागोळीखालून काढून आत कोरड्यात घेतला. वहिनी ब्लेड धर, पट्टी दे, असं करत उभी राहिली. मधेच तिने विचारलं, "जेवलात?" तो नाही म्हणाला. तिने भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण वाढलं, आणि तो खाली मान घालून जेवला.

*

फोन वाजला तेव्हा अंधार पडत होता. दोन्ही घरांत वाजला. श्रीपतने मुद्दामच थोडं थांबून रिसीव्हर उचलला. वहिनीने आधीच उचलला होता.

"चांगू?" वहिनी म्हणत होती.

"मोठ्या आई? मी सारिका. पोचलो आम्ही." मग सारिका थांबली. "तुम्ही आमच्याकडे आहात का? किती स्वच्छ येतोय आवाज."

"नाय गो, मी माझ्या घरात. भावजींनी वायर जोडली आज."

"कुठली वायर?"

वहिनीने सांगितलं. तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. मागे भावजींनी रागाच्या भरात वायर तोडली, टोक तिच्या न्हाणीशी लोंबत होतं, तिने पिशवी बांधली, पिशवीत पाणी भरायचं, दुपारी ती ओतून टाकायची. आज टोकं साफ करून जोडली, आता बघ कशी खणखणीत. "माझंच चुकलं बग, पिशवी बांधायला नको व्हती," वहिनी म्हणाली. "चांगू तिकडं भेटला तर त्याला सांग, आता घरी फोन कर म्हनावं."

सारिकाच्या मागे छापखान्याचं यंत्र चालत होतं आणि सेजल कुणाला तरी काहीतरी विचारत होती. सगळं ऐकू येत होतं. लाईनमन डबी उघडून उभा आहे आणि 'दुसरी जोडणी काढलीय का' म्हणून विचारतोय, हे सारिकाला आठवत असणार, हेही श्रीपतला ऐकू आल्यासारखं कळलं. तिने हळूच श्वास सोडला, तो त्याच्या कानाला लागला. खरखर असती तर तिच्यामागे लपता आलं असतं.

"बाबा," सारिका म्हणाली. "तुम्ही आहात ना लाईनवर?"

श्रीपतने रिसीव्हर घट्ट धरला. खाली ठेवून द्यावा, असं एकदा मनात आलं.

"हाय," तो म्हणाला, आणि ती काय बोलते ते ऐकायला उभा राहिला.